पन्नासचा गोळा

घ्या मागं, अजून मागं, बास.
उतरा आता चिदानंदशेठ, चहा सांगा दोन,
मी गाडीखाली चाललोय.

वरनं काय, वरनं सगळ्यांच्याच गाड्या नव्या असतात.
खाली आलं की कळतं
कुठल्या वाटेनं आलाय, कुठं घासलंय,
मागच्या मिस्त्रीनं जेवून काम केलं की उपाशी.

हा हूक बंपरला कुणी मारला ओ?
बंपर म्हणजे गाडीची मिशी.
मिशीला कुणी मिक्सर बांधतंय का बे?
इरण्णा, ग्राइंडर आण. हे आधी कापून काढ.
होय शेठ, परवा बाळ्याच्या पुलावर सुटला ते ऐकलंय मी,
पेरूच्या गाड्यापाशी जाऊन थांबला म्हणे,
पेरूवाल्याचं नशीब, तुमचं नाही.

पट्टी चॅसीला जाणार. दोन्ही बाजूला, पोटात भोक पाडून.
वरच्या ओठाला नाही, खालच्या ओठाला नाही,
तिथं ड्रिल लावला की चॅसी आतनं चिरत जाते
आणि चार महिने कुणाला सांगत नाही.
बोल्टच्या डोक्यावर आकडा बघून आण रे,
दहा पॉइंट नऊ लिहिलेलाच,
कोरा बोल्ट म्हणजे बिननावाचं पत्र.

आता गोळा.
तुमच्या मिक्सरची वाटी दोन इंची, जुनी.
बाजारात गोळा मिळतो पन्नासचा.
पन्नास म्हणजे दोन इंचच की, असं तुम्ही म्हणायलाय,
सगळेच म्हणतात.
नाही ओ. पाऊण मिलिमीटरला जरा जास्त फरक आहे,
म्हणजे तुमच्या नखाएवढा.
तेवढ्यातच खडखड राहते,
आणि खड्ड्यात एकदा वाटी उडली
की खडखड सुद्धा राहत नाही.
थांबा, टर्नरकडनं बरोबर मापाचा करून घेऊ. उद्या मिळेल.
स्लॅब परवा टाका. लोखंड कुठं पळून चाललंय.

इरण्णा, जॉकी काढ, दांडा काट्यावर ठेव.
नऊशे किलोचा मिक्सर, दांड्यावर नव्वद यायला पाहिजे.
कमी आलं तर शेपूट हलवत येतो मागनं,
जास्त आलं तर तुमचं पुढचं चाक रस्ता सोडतं.
किती? एकोणनव्वद.
वा. बनवणाऱ्याला अक्कल होती.

हे काय बांधलंय दांड्यावर?

पोतं.
सुतळीनं, चार पदर, नीट गाठ मारून.
मधोमध बसकं झालंय.

शेठ, कोण बसतं इथं?

कुणी नाही काय?
कुणी नाही बसलं तर पोत्याला खोल कसा पडला?
आणि ही हिरवी काच कसली, बांगडीची,
सुतळीत अडकलेली?

सांगा की नाव, मी काय पोलिस आहे का.
नीलव्वा.
बरं. केबिनमध्ये तुम्ही, ड्रायव्हर, तुमचा मेव्हणा,
मागं सिमेंट, फावडी, घमेली, बाकीची माणसं,
आणि नीलव्वाला जागा नाही
म्हणून ती दांड्यावर, रस्त्यापासून दीड हात वर,
कुंभारीपासनं बाळ्यापर्यंत.
पुलावर तीच होती का?

बोलू नका. चहा प्या.

म्हणजे नव्वद नव्हतंच ओ कधी.
माझा हिशोब चुकला असता,
आणि मी सही करून दिली असती.

साखळ्या दोन मारल्यात, खालून फुली करून.
दांडा सुटला तर फुलीत पडेल, रस्त्यावर नाही.
वळताना ताणू नये एवढी सैल,
घासू नये एवढी आखूड.
दिव्याची वायर वेगळी काढलीय, लाल, कळेल.

आणि दांड्यावर, पोत्याच्या जागी,
एक अँगल मारलाय. कड वर.
इथनं तिथपर्यंत सगळा.
आता तिथं कावळा सुद्धा बसणार नाही.
बिलात लिहिला नाही तो. काढू नका म्हणजे झालं.
काढायला दुसरीकडं गेलात तर मला कळतं,
सोलापूर काय एवढं मोठं नाही.

पोतं झटकून केबिनमध्ये ठेवलंय,
डाव्या खिडकीकडं.
मेव्हण्याला म्हणावं, फटफटी आहे ना तुला.