एक पान जास्तीचं

यंत्र जागं होतं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं.
आपल्याजवळ जागा किती, हेसुद्धा नाही.
जागा मोजायची तर वही हवी,
वही ठेवायची तर जागा हवी,
आणि जागा देणारा कारकून
अजून कामावर रुजू व्हायचाय.

म्हणून आधी एक हंगामी माणूस येतो.
पाटीवर खडूने लिहितो:
इथून इथवर कर्नल, हा तुकडा कुणाचा तरी, बाकी मोकळं.
मग कायमचा कारकून पाटी पाहून वही भरतो,
हंगामी माणूस खडू ठेवून निघून जातो.
निरोपसमारंभ नाही.
सगळं मिळून एक सेकंदही नाही.

एवढीशी गोष्ट
अकरा जातींच्या प्रोसेसरांसाठी
अकरा जणांनी अकरा तऱ्हांनी लिहून ठेवली होती.
एकाने शेवटाकडून मोजलं होतं, एकाने दोनदा,
एकाने स्वतःवर विश्वास न बसून
तिसऱ्यांदा.
सगळा डिसेंबर मी ब्रनोच्या ऑफिसात
हीटरला पाय टेकवून हे वाचत होते.
खाली चौकात कार्प माशांचे हौद लागले होते,
लोक जिवंत मासे पिशवीतून घरी नेत होते
आणि मी ओळी खोडत होते.

खोडण्यात सुख असतं, खोटं कशाला बोला.
दोनशे चौदा ओळी गेल्या.
प्रत्येक प्रोसेसरने यावं, आपल्या हद्दी सांगाव्यात,
बाजूला व्हावं. मोजणी एकाच ठिकाणी.
यिंद्रा म्हणाला, आता माझ्या आईलाही कळेल.
त्याची आई दातांची डॉक्टर आहे.

सातव्या फाइलीत एक ओळ होती:
पहिलं पान कुणाला देऊ नये.
कारण नाही. नुसती आद्याक्षरं, बो. ह.,
आणि साल सत्त्याण्णव.
तीही खोडली. बावीस मशिनांवर चालवून पाहिलं.
चाललं.
तरी झोप लागेना, म्हणून फोन केला.

बोहुमीर ह्लावाच त्रेबीचपलीकडे राहतो, मधमाश्या पाळतो.
म्हणाला, तेविसावं मशीन माझ्या तळघरात आहे,
त्यावर काकड्यांच्या बरण्या आहेत, तेवढ्या उतरवाव्या लागतील.
चोवीस तारखेला सकाळच्या बसने गेले.
बरण्या उतरवल्या. एकोणीस.
मशीन सुरू झालं, पंखा खोकला,
चार मिनिटं सगळं सुरळीत.
मग वहीच्या पहिल्याच रकान्यात
आकड्यांच्या जागी भलतंच काहीतरी.
जुनं फर्मवेअर अधूनमधून येऊन
घड्याळातली वेळ तिथं लिहून जायचं,
न विचारता, न सांगता,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की घर आता दुसऱ्याचं आहे.

बोहुमीर काही बोलला नाही.
पडद्याकडे पाहत त्याने चष्मा पुसला, एवढंच.
मी विचारलं, कारण का नाही लिहिलंत?
म्हणाला, तेव्हा वाटलं, सगळ्यांना माहीत आहे.

बर्फ वाढला, परतीची बस रद्द झाली.
वर व्लास्ताने टेबल लावलं होतं:
माणसं दोन, पानं तीन.
नाताळच्या आदल्या रात्री या देशात
एक पान जास्तीचं असतं,
न ठरवता येणाऱ्यासाठी.
तिने मला त्यावर बसवलं.
मग उठली, कपाट उघडलं,
आणि माझ्या शेजारी
आणखी एक पान मांडलं.

जेवल्यावर तिथेच, बटाट्याच्या सॅलडची वाटी सरकवून,
मी ती ओळ परत घातली.
सातव्या फाइलीत नाही; सगळ्यांच्या वाटेवर, एकदाच.
वर कारण लिहिलं, चार शब्दांत,
खाली बो. ह. तसंच ठेवलं.
दोनशे तेरा.

बरण्या मात्र आम्ही परत मशिनावर ठेवल्या.
अठराच. एक व्लास्ताने मला दिली.