त्याच रेघेचं दुसरं उत्तर

पडद्यावर एक तिरकी रेघ.
करडी, अर्धा सेकंद.
मग काळोख. मग पुन्हा तीच.
सकाळपासून सातशे वेळा.

सुमी खुर्चीत बसलीय, ओठांशी रसाची नळी,
आणि तिच्या डोक्यातल्या एका पेशीचा आवाज
माझ्या स्पीकरमधून येतोय,
कढईत तीळ तडतडावेत तसा.

रेघ तीच, पेशी तीच.
उत्तर मात्र दर खेपेला निराळं.
कधी एकेक दाणा, मोजून घ्यावा असा;
कधी बराच वेळ काही नाही
आणि मग एकदम मूठभर,
जणू डुलकीतून दचकून कुणी म्हणावं, काय? काय झालं?

इकेगामी सर म्हणतात, गोंगाट आहे तो, सरासरी काढ.
काढते.
तीन वर्षं सरासरीच काढतेय या इनुयामात.
कागदावर एक गुळगुळीत टेकडी उरते
जी सुमीनं एकदाही पाहिलेली नाही.

मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी
तिची बाहुली उमलली.
पडद्यावर नवं काहीच नव्हतं.
स्पीकरमधला तीळ सुटा सुटा झाला,
रेघ आली की तड, गेली की गप्प.
बुधवारी पुन्हा, चार दहा.
गुरुवारी नाही.

गुरुवारी कुनिमित्सु-सानची सुट्टी असते.

दोन दारांपलीकडे, लांबच्या व्हरांड्यात
त्यांचे रबरी बूट, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा,
बादलीत उकडलेली रताळी.
मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं.

मानेच्या वर, मेंदूच्या देठात
एक निळा ठिपका आहे, तांदळासारखा बारीक.
त्याला रेघ कळत नाही, कोन कळत नाही.
कुणीतरी येतंय, एवढंच त्याला पुरतं.
तो वरच्या साऱ्या आळीला हाका घालतो.

आणि डोळ्यातून निघालेली वाट
जिथं गुडघ्यासारखी वळते,
त्या ठाण्याला आम्ही टपालपेटी समजत होतो,
आलेलं पुढं धाडणारी.
तिथं पोचणाऱ्या दहा धाग्यांत
डोळ्याचा जेमतेम एक.
बाकीचे वरून, खालून, त्या देठातून,
आणि सगळे मिळून ठरवतात
रेघ आत घ्यायची की नाही.

मी हे सरांना सांगितलं.
ते म्हणाले, मग त्यांना सांग, आवाज करू नका.

कुनिमित्सु-साननी काही विचारलं नाही.
जुडगा टॉवेलात गुंडाळला, बूट काढले,
एकसष्टाव्या वर्षी मोज्यांवर चालत गेले,
बादली छातीशी धरून, चोरासारखे.
आकडे छान आले.
सुमी दुपारभर उघड्या डोळ्यांनी कुठंतरी दूर होती.

सोमवारी मीच त्यांच्या खोलीत गेले.
किल्ल्या वाजवत या, म्हटलं, रोज, वेळ चुकवून.
वहीत एक नवा रकाना आखलाय.
त्याचं नाव 'किल्ल्या'.

ते हसले. म्हणाले, अहो, गैरसमज नको,
ती काही मला ओळखत नाही,
रताळ्याला ओळखते.

पण रताळी संपली होती त्या दिवशी.
ते रिकाम्या हातांनी आले.
मी पडद्याकडं पाहिलंच नाही,
कॅमेऱ्यातल्या तिच्या बाहुलीकडं पाहत बसले.