शब्दाची जात

निवतीच्या शाळेत आठवीची एकच तुकडी.
खिडकी उघडली की फळ्यावर खारट ओल चढते,
म्हणून खडू मी रुमालात गुंडाळून ठेवतो.
त्या दिवशी लिहिलं: फिश.
म्हटलं, हे नाम. मासा.
खाली पुन्हा लिहिलं: फिश.
म्हटलं, हे क्रियापद. मासे धरणे.

शेवटच्या बाकावरून बाबल्या मेतर म्हणाला,
"सर, मासो आणि मासो धरूचा काम, दोघांका नाव एकच?
मगे माशाक कसा कळतला, आपण कोण ता?"
वर्ग हसला. मीही हसलो.
हसू ओसरलं, आणि ओहोटीनंतर वाळूत
काहीतरी बारीक हलत राहावं
तसा तो प्रश्न राहिला.

मी म्हणालो, जागेवरून कळतं.
आपल्या व्याकरणात शब्दांना जाती असतात,
इंग्रजीत नुसती जागा.
कर्त्याशेजारी येऊन बसला
की तोच शब्द कामाला लागतो,
प्रत्यय नको, दाखला नको.
हे पुस्तकात नव्हतं. तोंडातून निघून गेलं.
पहिल्या बाकाने मात्र वहीत उतरवूनही घेतलं.

मग मला चेव आला.
साल्ट: मीठ, आणि मीठ लावणे.
स्केल: खवलं, आणि खवलं काढणे.
प्रेमलता कुबल उभी राहिली, जिची आई बांगडे खारवते.
"एकात घालूचा, एकात काढूचा.
ता कोण सांगता?"
उद्या सांगतो, म्हणालो.

रात्री शब्दकोश काढला.
दोन्ही अर्थ शेजारीशेजारी झोपलेले,
कारण कुठेच नव्हतं.
दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरावरून गेलो.
आई आदाळ्यावर बसलेली,
खवलं उडत होती, केसांत, पदरावर, माझ्या चपलेवर,
आणि त्याच हाताने ती मिठाची मूठ भरत होती.
विचारायला गेलो होतो.
बांगड्यांचा भाव विचारून परत आलो.

शनिवारी रापण लागली.
मी आजऱ्याचा, घाटावरचा,
चपला हातात धरून लांबून बघणारा.
दोन्ही दोरांना माणसं,
म्हातारा तातू तांडेल मध्ये उभा, हात वर करून.
उजव्या दोराला सगळ्यांत पुढे, मांडीभर पाण्यात, बाबल्या,
ज्याच्या प्रगतिपुस्तकात मी 'ढ'
फक्त लिहायचं बाकी ठेवलं होतं.
त्याने मान वळवली, मला पाहिलं
आणि ओरडला, "ओड!"

सर नाही. ओढा नाही.
ओड.
त्यातला ढ मिठाने खाल्लेला.

चपला कुठे टाकल्या आठवत नाही.
दोर ओला, काथ्याचा, सापासारखा जड,
आणि पलीकडच्या टोकाला न दिसणारं काहीतरी
आम्हा तीस जणांना समुद्राकडे मागत होतं.
तेव्हा ऐकू आलं, जे जन्मभर बोलत आलो:
ओढ, जी जिवाला लागते.
ओढ, म्हणजे खेच.
बोल, खेळ, नाच, धाव.
लाटसुद्धा, पोळपाटापाशी.
आहेत की आपल्याकडेही!
फक्त आपल्या नामाला क्रियापद व्हायचं
तर समोर कुणीतरी लागतं अरेतुरेतलं,
हुकूम सोडण्याइतकं जवळचं.

जाळ्यात तारली थोडी, बाकी बुळबुळीत झारच.
तातूने माझाही वाटा काढला,
सात तारल्या, केळीच्या पानावर.
नको म्हणालो तर म्हणाला, "दोराक हात लावलास ना?"

सोमवारी खडू धरला तर तळहात झोंबला.
दोराचा वळ.
फळ्यावर तेवढंच लिहिलं, वळ,
आणि वर्गाकडे वळलो.
बाबल्या स्वतःचे तळवे बघत होता.
प्रेमलता माझ्याकडे.
तिला उत्तर अजून देणं आहे.