दोन झाडं

पहिल्याच तासाला ग्वान बाईंनी आडनावाचा अर्थ विचारला.
झाडबुके, म्हटलं. गाव बार्शी.
बुके कुठून आलं ठाऊक नाही, पण झाड म्हणजे झाडच.
त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं, चार रेघांचं,
मागे सरून पाहिलं,
एकटं आहे, थंडी वाजेल त्याला इथे, म्हणाल्या
आणि शेजारी दुसरं लावलं.
तेव्हापासून हजेरीत मी लिन,
शेफील्डमधल्या एका उंच इमारतीत
दोन झाडांचं रान.

या इमारतीच्या लिफ्टला दार नाही.
ती थांबतही नाही, रहाटासारखी फिरत राहते,
पाऊल नेमकं टाकायचं, नाहीतर जाऊ द्यायची.
चिनी सूरही असेच.
तिसरा सूर म्हणजे क्रुक्सच्या चढाखालचा खळगा,
आधी उतर, मग वर ये, हातात दुधाचा कॅन असला तरी.
चौथा म्हणजे बर्फावरून सरळ घसरणं.

माय म्हणजे विकत घेणं. माय म्हणजे विकणं.
फरक एवढाच, की घेताना आवाज खाली जाऊन वर येतो
आणि विकताना धाडकन खाली.
बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले,
त्यात शिकायचं काय? विकताना आवाज खालीच येतो.
बत्तीस वर्षं मी दुसरं काय करतोय?

त्यांचं दुकान प्लास्टिकचं. बरण्या, बाहुल्या, किल्लीची बेडकं.
निघायच्या आदल्या रात्री
गल्ल्यातल्या नोटा मोजता मोजता, माझ्याकडे न बघता म्हणाले होते,
आमच्यात हे असलं कुणी केलं नाही.
मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

वर्गात ओवेनची जीभ भाजीच्या शब्दाशी अडते.
मला तो च माहीत आहे,
चिंचेतला नाही, चुलीतला.
बेथनी विचारते, तू घरी चोरून सराव करतेस का?
कसं सांगू, चमचा मागत मोठी झाले मी.

पण त्या दिवशी सगळाच वर्ग अडला.
आम्ही वेगळं आणि आपण वेगळं,
असे दोन शब्द कशाला हवेत कुणाला?
यांच्या इंग्रजीत एकच घोंगडी,
आत कोण आणि बाहेर कोण, कळत नाही.
ग्वान बाई त्यांच्या तिआनजिनचे दाखले देत राहिल्या,
खडू झिजला.
मी खिडकीतून ट्राम बघत होते.
चार वर्षांची असताना, उंबऱ्यात बसून,
आपण जाऊ जत्रेला आणि आम्ही जाऊन येतो
यातला फरक मी
रडून शिकले आहे.

फेब्रुवारीत बाबांनी एक फोटो पाठवला.
खाली मजकूर नाही, ख्यालीखुशाली नाही.
नुसतं खोकं, नायलॉनची पट्टी कापलेलं,
कडेला लाल शाईत चार अक्षरं.
लहानपणी याच खोक्यांवर बसून मी
त्या अक्षरांना घरं समजायचे, खिडक्या मोजायचे.

वाचायला अर्धा मिनिट लागला.
पहिलं, छोटं. दुसरं, काळीज.
मिळून होतं, सांभाळून.
पुढची दोन कोशात बघावी लागली,
ती म्हणतात, हलक्या हाताने ठेवा.
छोटं काळीज म्हणजे काळजी, बाबा,
मी उगाचच समजावत बसले,
आपल्याकडे जसं...

पलीकडे शटर ओढल्याचा आवाज.
कुणीतरी सेलोटेप मागत होतं.
मग ते हसले, खोकल्यासारखे:
म्हणजे इतकी वर्षं
आपण ही खोकी आपटतच होतो की.

फोन ठेवला. लिफ्ट समोरून गेली,
रिकामी,
मग आणखी एक.