पंधरा विभक्ती

इर्यानं एकतीस वर्षं कायानीच्या शाळेत
फिनिश व्याकरण शिकवलं.
मी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचो,
आणि संध्याकाळी घरी आलो की
माझी वाक्यं दुरुस्तीला जायची.
"तळ्यात नव्हे, ताइस्तो. तळ्यावर."
लग्नाच्या जेवणातसुद्धा, सासऱ्यांदेखत.

आमच्या नामाला पंधरा विभक्ती.
घरात, घरातून, घराकडे, घरापाशी,
घराविना, घरासकट.
सगळं शेपटीत. शब्द कुठून आला, कुठे निघाला,
ते मागच्या खुणेवरून कळतं,
बर्फावरनं कोल्हा गेल्यासारखं.

पहिली शेपटी गळाली नोव्हेंबरात.
कॉफी ओतायला आली आणि म्हणाली,
"कप टेबल."
मी हसलो. वाटलं, माझीच नक्कल करतेय.
कप आणि टेबल यांच्यामधली
एक छोटीशी पायरी शोधत
ती तशीच उभी, हातात किटली,
किटलीतली कॉफी गार होईपर्यंत.

ओउलूच्या इस्पितळात पोरगेल्या डॉक्टरनं चित्रं दाखवली.
गाजर. शिडी. कंदील. मासा.
माशापाशी ती अडली.
"खाली," म्हणाली. "बर्फ. खाली. दात."
त्यानं कागदावर फुली मारली.
मी मुठी आवळून बसलो.
अहो, पाइक मासाच होता तो,
बर्फाखालीच असतो, आणि दात म्हणाल तर
माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे.

मग पडद्यावर मेंदू.
डावीकडे, कानाच्या वरच्या अंगाला,
मे महिन्यातलं तळं:
बर्फ काठापासून सुटलेला,
भेगाभेगांतून काळं पाणी.
"हा आजार थांबत नाही," डॉक्टर म्हणाला.
वाक्य शुद्ध होतं.
एकूण एक प्रत्यय जागच्या जागी.

जिनं उभ्या जन्मात मुलांची राहिलेली पेन्सिल घरी आणली नाही
ती आता दुकानातून
खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या
मूठमूठ कोटाच्या खिशात भरते.
काउंटरवरची सानेल्मा बघते, वहीत टिपून ठेवते.
मी शुक्रवारी पैसे देतो.
याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

तांबडी पेन्सिल मात्र सुटली नव्हती.
म्हणून मी सामानाच्या यादीत
मुद्दाम चुका करायला लागलो.
राईचा पाव, लोणी, चुकीचं बटाटे,
आणि यादी टेबलावर विसरल्यासारखी ठेवायची.
जानेवारीत तिनं तीनपैकी दोन पकडल्या.
बटाट्यांखाली दुहेरी रेघ, शेजारी उद्गारचिन्ह!
त्या दिवशी मी दुकानातून शिट्टी वाजवत आलो.
ईस्टरला एकही नाही.
अक्षरांची पोटं तेवढी रंगवली होती,
एकेक पोकळी, काठाबाहेर न जाता.

परवा सौनाला सरपण आत घेत होतो.
मागून हाक आली: "ओन्नी!"
ओन्नी तिचा भाऊ.
एकोणसत्तर साली स्वीडनला गेला, मोटारींच्या कारखान्यात.
तिकडेच राहिला. तिकडेच पुरला.
मी वळलो.
ती पायरीवर, एका पायात बूट,
आणि चेहरा असा की
गाडी वेळेवर आली.

तिच्या जुन्या वहीत मी नंतर बघितलं.
दहावं पान, गोल नीटस अक्षर:
हाक मारायला आपल्या भाषेत
वेगळी विभक्ती नाही.
नाव जसं आहे तसंच वापरावं.

म्हणजे चूक नव्हतीच.
बरोबर नाव नव्हतं, एवढंच.

"आलो," मी म्हणालो.
दुसरा बूट दाराआड होता.
तो घालताना तिनं माझ्या डोक्यावर हात टेकला,
तोल सांभाळायला,
आणि बूट चढल्यावरही
काढायचा राहून गेला.