कांडी

जानेवारीत अब्दालीच्या वाळवंटात खोबरेल थिजतं.
गावाकडे सांगितलं तर हसतात,
आखातात थंडी? काहीतरीच तुझं!
त्यांना इथला एकच ऋतू ठाऊक
आणि महिन्यातली एकच तारीख.

चौदा नंबरच्या खोलीत खिडकीशी सहा बाटल्या,
सहाही पांढऱ्या, मुक्या.
इस्माईल परकार बाटली उलटी धरून तळहातावर आपटतो,
मग चमच्याच्या दांड्याने कोरतो,
कानातला मळ काढावा तसा,
आणि माझ्याकडे बघतो:
इलेक्ट्रिशियन ना रे तू?

जळक्या इस्त्रीच्या पोटातून नायक्रोमची तार काढली.
भंगारातल्या शेगडीचे चिनी मातीचे मणी
तिच्यावर ओवत बसलो तीन रात्री.
उदयन म्हणाला, जप चाललाय काय?
नळी स्टीलची, न्हाणीघरातल्या टॉवेलच्या दांडीची.
(त्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही.)
तळाचं तोंड हरपालने वेल्डिंग करून मिटवलं.
मूठ फुटक्या कुकरची.

नळीत भरायला वाळू.
इथे तेवढी एकच गोष्ट फुकट,
पण तीही चहाच्या गाळणीतून तीनदा चाळली,
तव्यावर भाजली, ओल उडेपर्यंत, रव्यासारखी.
आता खमंग वास सुटेल
असं उगाच वाटत राहिलं.

चिपळूणच्या आयटीआयत फडतरे मास्तर म्हणायचे,
दोन तारांवर दिवा लागतो, पोरांनो,
तिसरीवर माणूस जगतो.
फळ्यावर ते नुसतं ‘अर्थ’ लिहायचे, मराठीत,
आणि मागच्या बाकावर आम्ही
एकमेकांना विचारायचो,
काय रे, जीवनाला अर्थ दिलास का?
परवा हिरवी तार नळीला आवळताना
हसू आलं नाही.
अर्थ नीट बसलाय ना,
दोनदा ओढून पाहिलं.

आधी पाण्याची बादली. मग पंख्याचा रेग्युलेटर जोडून,
काटा एकवर ठेवून,
सहा बाटल्यांचं तेल एका पातेल्यात.
ते कोरून काढायलाच तास गेला.
कांडीभोवती प्रथम एक ओली कडी उमटली,
काचेसारखी.
मग पांढरं मागे मागे सरलं, कडा सोडून तरंगू लागलं,
शेवटी शेवटी तर एक बेट उरलं
नखाएवढं,
आणि तेही कुणाच्या लक्षात यायच्या आत गेलं.
खोलीभर वास.
इस्माईल उठून बाहेर गेला.
बराच वेळ आला नाही.

ज्याचं त्याचं तेल कुठलं, आता सांगता येत नव्हतं.
खेडचं, वडकराचं, माझ्या बायकोने
दाते मारुतीच्या घाण्यावरून आणलेलं,
एकाच पातेल्यातून
सगळ्यांनी डोक्याला चोपडलं.

शुक्रवारी तपासणी झाली.
कॅम्पचा साहेब अबू वाएल, मन्सूराचा,
गादीखालून कांडी ओढून काढून म्हणाला, ममनू!
वहीत नाव लिहिलं, पाच दिनार दंड लिहिला,
कांडी कोटाच्या खिशात घालून गेला.
मूठ बाहेर डोकावत होती.

रात्री अकराला दारावर टकटक.
एका हातात कांडी, दुसऱ्यात काचेची बरणी,
मध साखरून दगड झालेला.
उम्मी, म्हणाला. एवढंच.
बरणीवर कागदाची चिठ्ठी,
अक्षर वाकडं, म्हातारं.

मी कांडी घेतली, पण बरणीत घातली नाही.
बरणी पातेल्यातल्या पाण्यात बसवली, कांडी पाण्यात.
मधाला थेट जाळ सोसत नाही, म्हणालो,
हिंदीत, थोडं हातांनी.
काटा एकवर.

तो इस्माईलच्या खाटेच्या कडेवर बसला.
आम्ही चौघं जमिनीवर.
कुणी काही बोललं नाही,
पाणी तेवढं हलकंसं गुणगुणत होतं.
अर्ध्या तासाने बरणीच्या काठाशी
पिवळं पातळ झालं, तेव्हा
अबू वाएलने कांडीची नळी निरखून पाहिली,
मान वर केली आणि विचारलं,
न्हाणीघरातली दांडी कुणी तोडली?