ओठाजवळची घडी

पहाटे पाचला गणेश पेठेत हर्णैचा टेम्पो लागतो
आणि नागझरीच्या वासावर समुद्राचा वास चढतो.
शकूबाई भोई बर्फ फोडता फोडता विचारते,
"आज किती न्यायच्यात मॅडम, चिरफाडीला?"
सहा, मी म्हणते. डोकी ठेवा.
डोकं नसलं की मला काही कळत नाही.

तिच्या पाटीत सगळ्या नुसत्या मुशी.
हातभर लांब, राखाडी,
उलट्या दिशेनं बोट फिरवलं तर पॉलिश पेपर.

आकुर्डीच्या प्रयोगशाळेत मी त्या पांढऱ्या ट्रेमध्ये मांडते,
ओठाचा कोपरा चिमट्यानं उचलते:
घडी लांब, जबड्यावर चढत गेलेली, तर दूधमुशी.
घडी जेमतेम आणि नाक फावड्याचं पातं, तर फावडमुशी.
(नावं माझी. बाजारात दोघींना एकच भाव.)

एवढ्याशा घडीवर रजिस्टरात दोन रकाने.
एकीपुढे लिहिते 'असुरक्षित',
दुसरीपुढे 'संकटाच्या जवळ'.
जवळ म्हणजे किती, ते यादीत नसतं.
आकुर्डी ते निगडी?
की हात लांबवला की लागेल, एवढं?

फावडमुशी लवकर वयात येते, पोटात दहा-बारा,
दूधमुशीला तीन, फार तर पाच.
जाळ्याला मोजता येत नाही.
आणि दोघींच्या पिल्लांना नाळ असते.
पहिल्यांदा पाहिली तेव्हा
कात्री खाली ठेवून
मी बराच वेळ हात धूत बसले होते.

मग वहिनी बाळंत झाली.
आईचा फोन: "दूध उतरत नाहीये तिला. मुशी आण. ताजी बघ."
त्या दिवशी ट्रे नव्हता, स्टीलचा डबा होता.
शकूबाईनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
"बाळंतिणीला ना? मग ही."
आणि अंगठ्यानं ओठाचा कोपरा उचलून दाखवला.
लांब घडी.
"हिनंच दूध येतं. ती दुसरी नुसती कालवणाची."

पाच वर्षं मी चिमटा घेऊन बसले होते.

पोट भरलेलं होतं तिचं. वरूनही कळत होतं.
मी म्हटलं, नको, ती दुसरीच द्या.
घरी आईनं विचारलं, हीच ना ती?
सारखीच असतात गं सगळ्या, मी म्हटलं.
मी. म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दूध आलं.
कालवणानं, अळिवाच्या खिरीनं,
की तिसरा दिवस होता म्हणून, कोण जाणे.

पुढच्या मंगळवारी शकूबाईनं विचारलं, "उतरलं?"
हो.
"त्या दुसरीनं?"
हो.
ती काही बोलली नाही. बर्फात हात घालून
पाटीतल्या मुशींचे दोन ढीग करत राहिली.
डाव्या ढिगात तीनच होत्या.